पुंगळीचा खांदा

गेल्या महिन्यात कामानिमित्त डँडेनॉन्गला गेले होते. परतताना गाडी मुद्दाम त्या जुन्या गल्लीत घातली आणि पोचल्यावर वाटलं, उगाच घातली. लेसकाकांचं घर पाडून टाकलंय. सगळी जागा तारेच्या जाळीने बंद केलेली, आत पाइनच्या फळ्यांचे दोन उंच सांगाडे. एका घराच्या जागी दोन घरं होणार. गराज होतं तिथे कामगारांसाठी प्लॅस्टिकचा संडास उभा आहे. मी उतरून जाळीला हात लावून उभी राहिले. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता. मला व्हिनेगरचा आणि ओल्या पितळेचा वास हवा होता. तो आता कुठून येणार!

त्या घराच्या मागच्या अंगणातल्या खोलीत मी तीन वर्षं राहिले. इथे ऑस्ट्रेलियात अशा खोलीला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. मी युनिमध्ये मेकॅनिकल शिकत होते आणि पुढच्या घरात लेसकाका एकटे राहत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उंच, खांद्यात थोडे वाकलेले, जन्मभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. तोंडावर मी त्यांना लेसच म्हणायची, कारण 'मिस्टर' म्हटलं की ते मागे वळून बघायचे, कोण आलंय म्हणून. मनात मात्र ते पहिल्या आठवड्यापासून लेसकाका होते.

दर शनिवारी ते रायफल क्लबला जायचे. लांबवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरायचा, पाच-सहा म्हाताऱ्यांनी एकमेकांची टिंगल करायची, चहा प्यायचा, घरी यायचं. माझ्या माहितीत बंदूक म्हणजे दिवाळीतली, टिकल्यांची. मी आधी जरा घाबरूनच होते. मग एकदा त्यांनी गराजमध्ये बोलावून दाखवलं. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी ते टाकून देत नसत. ती व्हिनेगरच्या पाण्यात धुवायची, एका पोलादी साच्यात दाबून मूळ आकारावर आणायची आणि पुन्हा भरायची. इथले पुष्कळ नेमबाज असं करतात. रायफल, दारू, टिकल्या हे सगळं लोखंडी कपाटात कुलपात असे. त्याला मी कधी हात लावला नाही आणि त्यांनी लावूही दिला नसता. माझा संबंध आला तो फक्त रिकाम्या पुंगळ्यांशी, आणि तोही लॉकडाऊनमध्ये.

त्या दिवसांचं आठवतं ते सगळं आवाजांत आणि वासांत आठवतं. सकाळी मॅगपाय पक्ष्याचं बासरीत पाणी शिरल्यासारखं गाणं. रस्त्यावर गाडी नाही, त्यामुळे दूरच्या ट्रेनचा भोंगा अगदी कानाशी. अकराच्या सुमाराला लेसकाकांच्या रेडिओवर आजचे आकडे, आणि आकडे ऐकून झाले की गराजचं रोलर डोअर वर जाण्याचा खडखडाट. तो खडखडाट म्हणजे मला हाक होती. मी मास्क लावून, चहाचा मग घेऊन बाहेर यायची. त्यांच्या क्वीन्सलँडमधल्या मुलीने त्यांना फोनवर इतकं घाबरवलं होतं की त्यांनी गराजच्या मधोमध खडूने रेघ मारली होती. त्या बाजूला ते, या बाजूला मी. रेघेवर दुधाचा एक प्लॅस्टिकचा क्रेट उपडा ठेवलेला. त्यांनी त्यावर काही ठेवायचं, मागे सरकायचं, मग मी ते उचलायचं. चुलत्यापुतण्यांची भांडणं झाल्यावर अंगणात दोरी बांधतात तसं ते दिसायचं, पण आमचं भांडण नव्हतं. आम्हाला दोघांनाही दुसरं माणूस नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याकडे बघायचं तर ते माझ्या कानाच्या दिशेने बघत. क्लब उघडला की शेवटची एक मोठी स्पर्धा खेळायची, मग बास, असं त्यांनी ठरवलं होतं. डोळा अधू झाला तरी रायफलच्या दुर्बिणीतून अजून जमत होतं, पण माप घ्यायच्या कॅलिपरच्या छोट्या पडद्यावरचे आकडे काही केल्या वाचता येत नव्हते.

एक दिवस म्हणाले, "तू इंजिनिअर ना?"

"होणार आहे."

"मोजता येतं?"

"या सेमिस्टरला मेट्रॉलॉजीच आहे," मी म्हणाले. मोजमापाचाच विषय. हे खरं होतं. पण लॅब बंद आहे, आम्हाला नुसते व्हिडिओ दाखवतात, आणि तेही मध्येच अडकतात, हे मी सांगितलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. 'येत नाही' म्हणायची मला भीती वाटायची. आपण इथे चुकून आलोय हे कुणाच्या तरी लक्षात येईल, असं सारखं वाटायचं.

मोजायचं होतं ते फार थोडं. रायफलची पुंगळी छोट्या बाटलीसारखी असते, वर अरुंद मान आणि मानेखाली उतरता खांदा. रायफलच्या आत ती त्या खांद्यावर टेकते. बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी बरोबर हवी. साच्यात दाबताना खांदा उगीच जास्त मागे गेला तर बार उडताना पितळ ताणलं जातं आणि कधीतरी बुडाजवळ फाटतं. कमी गेला तर पुंगळी आत बसत नाही, बोल्ट, म्हणजे रायफलचा मागचा सरकता दांडा, बंद होत नाही. लेसकाकांच्या हिशेबाने खांदा दोन थाउ मागे जायला हवा. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन थाउ म्हणजे बारीक केसाएवढं.

आणि खांदा उतरता. उताराला धरणार कुठे? म्हणून कॅलिपरच्या एका जबड्याला एक कडी लावायची. कडीला भोक असतं, ते खांद्याच्या मध्यावर बसतं. उडवलेली पुंगळी मोजायची, साच्यातून काढलेली मोजायची, दोन्हींतला फरक बघायचा. एवढंच काम. व्हिडिओतल्या माणसाने ते अर्ध्या मिनिटात केलं असतं.

मी चार दिवस मोजत बसले. त्यांनी उडवलेल्या पुंगळ्यांचा डबा क्रेटवर ठेवला होता, मी तो माझ्या खोलीत नेला. टेबलावर टॉवेल, टॉवेलवर पुंगळ्यांची रांग. पहिल्याच दिवशी चिडचिड सुरू झाली. एकच पुंगळी तीनदा मोजली की तीन आकडे. जरा फिरवली की चौथा. जबडा जोरात दाबला की कमी, सैल सोडला की जास्त. शून्यावर आणायचं, पुसायचं, पुन्हा शून्य. बॅटरी बदलली. हात धुऊन आले. श्वास रोखून मोजलं. एक पाच दाखवी, शेजारची नऊ. शेजारी लॅपटॉपवर लेक्चर चालू, सर म्हणतायत, पुनरावृत्ती हा मोजमापाचा प्राण आहे, आणि इथे माझ्या हातात पुनरावृत्ती नावाची गोष्टच नाही. एकदा तर मी पुंगळी भिंतीवर फेकून मारली. ती टणकन लागून पलंगाखाली गेली आणि मी पोटावर पडून, जाळीजळमटांत हात घालून तिला शोधत रडले. पुंगळीसाठी रडतेय, हे कळत असूनही.

शेवटी मी सरासरी काढली. इंजिनिअरसारखी.

"लेस, तुमचा साचा खांदा सहा थाउ मागे ढकलतोय," मी रेघेच्या अलीकडून ओरडले, कारण मास्कमधून त्यांना ऐकू जात नसे.

"सहा?"

"सहा. दोन हवेत ना?"

त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं. मग म्हणाले, "तीस वर्षं झाली तो साचा लावून. एकदा एक पुंगळी बुडाशी फाटली होती. मला वाटलं पितळच जुनं होतं." पुढे म्हणाले, "म्हणजे मीच इतकी वर्षं चुकीचं करत होतो तर."

साच्याला एक आवळायची रिंग होती आणि तिच्यावर लाल नेलपॉलिशची रेघ. ती रेघ जुळली की साचा बरोबर बसला. नेलपॉलिश त्यांच्या बायकोचं होतं, ती जाऊन बारा वर्षं झाली होती. ते वर्कबेंचकडे वळले, पाना घेतला आणि रिंग सैल केली. नेलपॉलिशचा टवका उडाला. एवढासा आवाज, नखाने नख खुडल्यासारखा. तो मला अजून ऐकू येतो. मी मात्र तेव्हा खूश होते. आपण काहीतरी शोधून काढलं म्हणून.

नव्या मापाने साचा बसवला. त्यातून निघालेल्या पुंगळ्या मी मोजल्या, फरक बरोबर दोन. मी अंगठा वर केला. लेसकाकांनी कपाट उघडलं, माझ्याकडे पाठ करून रिकामी पुंगळी रायफलमध्ये घालून पाहिली. बोल्ट खाली जाईना. दुसरी घातली, तिसरी घातली. त्यांची मान लाल झाली.

"बघू, पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजलं. दोन.

"मग पितळ ठीक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा उजवा पंजा उघडून बघितला. "हातात जोरच राहिला नाही. डोळा गेला, आता हात गेले."

दुसऱ्या दिवशी रोलर डोअर वर गेलं तेव्हा ते नुसते खुर्चीत बसलेले. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आले तर ते फोनवर त्यांच्या क्लबातल्या रॉनशी बोलत होते. रॉन म्हणजे पन्नास वर्षांचा दोस्त, फोनवरचा त्याचा आवाज पार माझ्यापर्यंत यायचा.

"वेडा आहेस का तू! स्पर्धा तरी होऊ दे!"

"बोल्ट बंद होत नाही माझ्याच्याने, मेट. लहान पोराला होतो तो."

"मी करून देतो बंद!"

"हो, आणि मग चड्डीची बटणंही लावून दे."

दोघं हसले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "डीलरला सांगतो, रायफल घेऊन जा म्हणून. जे वाचता येत नाही, पेलता येत नाही, ते घरात ठेवू नये." मी काहीतरी 'सॉरी' वगैरे म्हटलं. ते म्हणाले, "नो वरीज, लव्ह. तू मदतच केलीस. नाहीतर मी आयुष्यभर त्या खोट्या रेघेवर विसंबलो असतो."

बुधवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. माझे बाबा भोसरीत टर्नर. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून लेथवर. त्यांचं वर्कशॉपही बंद होतं आणि घरात बसून ते नुसते पंख्याचे स्क्रू आवळत होते, असं आई म्हणायची. बोलायला काही नव्हतं म्हणून मी त्यांना पुंगळी दाखवली, कडी दाखवली, माझी वहीही दाखवली. वहीतल्या तक्त्यांचा मला जरा अभिमान होता.

"थांब थांब," बाबा म्हणाले. "उलटी कर की ती."

मी उलटी केली.

"बुडात ते गोल काय बसवलंय?"

"ती टिकली. वापरलेली. बार उडतो ना तिच्याने."

"मग ती वर आलीय नव्हं? बोट फिरव."

मी बोट फिरवलं. बुडाच्या पितळेपेक्षा ती टिकली किंचित वर होती. किंचित, पण बोटाला लागत होती. दुसरी घेतली. तिची थोडी जास्त वर.

"अगं, जबडा टिकलीवर टेकतोय तुझा, बुडावर कुठं टेकतोय? ती काढ आधी. काय पोरी, जॉब ठेवायच्या आधी बूड बघायचं, हे तुला मी शिकवलं नाही होय?" आणि ते हसायला लागले. आईला हाक मारून सांगू लागले, "ऐकलं का, ऑस्ट्रेलियात जाऊन हिनं बूड नाही बघितलं!"

त्यांनी शिकवलं होतं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन वर्कशॉपला जायची. शेड तापलेली असे, कूलंटचा दुधट, आंबूस वास, पायाखाली पितळी बुरा, उन्हात सोन्यासारखा. बाबा कुठलाही जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हातात घेतला की आधी त्याच्या बुडावरून अंगठा फिरवायचे, मग बनियनला पुसायचे, आणि मगच व्हर्नियर लावायचे. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. ते शिक्षण आहे हे मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं, ती त्यांची सवय आहे, नाकावरचा घाम पुसायची असते तशी. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'इंजिनिअरिंग' लिहायची.

कॉल संपल्यावर मी एक टिकली काढून पुंगळी मोजली. मग आणखी दहा. आकडे शहाण्यासारखे एका ओळीत आले. उडवलेली आणि जुन्या साच्यातून निघालेली, दोन्हींतला फरक दोन थाउ. लेसकाका म्हातारपणी खांद्याला धक्का नको म्हणून दारू कमी घालत, त्यामुळे टिकल्या बाहेर सरकून राहत. साच्यात घातल्यावर टिकली निघून पडे. म्हणजे मी उडवलेल्या मोजल्या टिकलीसकट आणि साच्यातल्या मोजल्या टिकलीशिवाय. लेसकाका स्वतः मोजायचे तेव्हा टिकली आधीच ठोकून काढायचे, इतक्या सवयीने की ते सांगायचं त्यांना सुचलंच नाही. आणि खडूच्या रेघेमुळे मी खोलीत काय करतेय हे त्यांना दिसलं नाही. साचा तीस वर्षं बरोबर होता. हात ठीक होते. पुंगळ्याच लांब राहिल्या होत्या, माझ्यामुळे. त्या कुणाच्याच हाताने बसल्या नसत्या.

हे मला बुधवारी दुपारी कळलं. अंगण ओलांडून जायला वीस पावलं लागायची.

मी गेले नाही. आधी म्हटलं, आणखी मोजून खात्री करू. गुरुवारी वाक्य तयार केलं, इंग्रजीत, कागदावर. त्यात 'व्हेरिएशन' असा शब्द होता, 'मी चुकले' असे शब्द नव्हते. शुक्रवारी रोलर डोअर वर गेलं, मी चहा घेऊन रेघेपाशी आले आणि हवामानावर बोलले. ते इतके शांत दिसत होते की वाटलं, कशाला आता. त्यांनी सांगितलं, लहानपणी वडिलांबरोबर सशांच्या शिकारीला जायचो, युकॅलिप्टसची पानं चुरगाळून हाताला चोळायचो, म्हणजे सशाला माणसाचा वास येत नाही. मी ऐकत राहिले. शनिवारी त्यांनी रायफलच्या लाकडाला जवसाचं तेल लावलं, गराजभर तो गोडसर वास. रविवारीही मी काही बोलले नाही. रविवारी मी नुसती खिडकीत उभी होते.

सोमवारी सकाळी व्हॅन आली. मास्क लावलेला डीलर, बॉनेटवर कागद, लेसकाका कडेकडेने बघत सही कुठे करायची ते शोधतायत. मी माझ्या दारात, हातात वही. व्हॅन गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्यांनी हात वर धरला होता.

मग मी गेले. दुपारी, आर्वोच्या, म्हणजे इथल्या बोलीत दुपारच्याच, चहाच्या वेळेला. रेघ ओलांडून गेले, पहिल्यांदाच.

"ए, ए, रेघ!" ते म्हणाले.

"लेस, मी चुकले."

"कशात?"

मी सांगितलं. मास्कमधून पहिल्यांदा त्यांना कळलं नाही, मी मास्क काढला आणि पुन्हा सांगितलं. त्यांच्या हातात पुंगळी दिली, बोट बुडावर ठेवलं. त्यांना डोळ्यांची गरजच पडली नाही. ती टिकली बोटाला लागली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी चाचपतच, बारीक सळईने ठोकून टिकली काढली, मला मोजायला लावलं, आकडा मोठ्याने म्हणायला लावला. मग जुन्या डब्यातली, नेलपॉलिशच्या रेघेच्या काळातली पुंगळी काढून दिली. तीही मोजली.

"किती?"

"दोन. बरोबर दोन."

"दोन," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "दोन." उठून बेंचपाशी गेले आणि साच्याच्या रिंगवर, जिथे टवका उडाला होता तिथे, अंगठा फिरवत उभे राहिले. मी म्हटलं, डीलरला आत्ता फोन करते, अजून पोचलाही नसेल. त्यांनी मान हलवली. कागद झाले, लायसन्सवरून उतरली, आता तेच सगळं पुन्हा कोण करणार. "ती माझ्या हाताने गेली. राहू दे."

मग फोन घेतला, रॉनला लावला आणि माझ्या हातात दिला. "सांग त्याला. साचा बरोबर होता, सांग."

मी रॉनला सांगितलं.  तो पलीकडून ओरडला, "अगं, मला काय सांगतेस! मला माहीतच होतं!" आणि मागून लेसकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. आठवड्याभरात मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. ते हसत होते आणि मला कुणाचा तरी राग येत होता, व्हायरसचा, व्हिडिओंचा, मास्कचा. माझा स्वतःचा येत होता हे मला माहीत होतं, पण त्याच्याजवळ जाववत नव्हतं.

पुढच्या वर्षी ते मुलीकडे क्वीन्सलँडला गेले आणि तिथेच वारले. ती स्पर्धा झाली की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही.

पण त्या सोमवारी फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले, माझ्या कानाकडे बघत विचारलं, "हे तुझ्या कधी लक्षात आलं?"

"आज," मी म्हणाले. "आजच सकाळी."

"गुड ऑन यू, लव्ह," ते म्हणाले. "लगेच सांगायला आलीस. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं."